‘नमस्कार’मध्ये अक्षरे किती?

गेल्या पावसाळ्यात, संगणकावर कला करणाऱ्यांच्या आमच्या ऑनलाइन गटातील एका मुलीने एक छोटा प्रोग्राम लिहिला. पडद्यावर ‘नमस्कार’ हा शब्द यावा, बोट लावले की त्यातील अक्षरे सुटी व्हावीत आणि थेंबांसारखी खाली गळत जावीत, एवढीच तिची कल्पना होती. प्रत्यक्षात चारऐवजी सात तुकडे खाली पडले. न, म आणि र धड होते. ‘स्का’ची मात्र पार वाताहत झाली होती. स वेगळा, क वेगळा, पाय मोडल्याची खूण एकटीच, काना एकटाच, आणि या दोन्ही अनाथ चिन्हांच्या सोबतीला टिंबाटिंबांचे एकेक वर्तुळ. तिने त्याचे चित्र गटात टाकले आणि खाली लिहिले, ‘माझंच काहीतरी चुकलंय, सॉरी. कोणी बघेल का?’

चूक तिची नव्हती. जावास्क्रिप्ट या वेबच्या प्रोग्रामिंग भाषेत शब्दाची लांबी मोजली जाते ती युनिकोडच्या (जगातील लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या प्रमाण पद्धतीच्या) सांकेतिक एककांनी, आणि त्या हिशेबात न, म, स, हलन्त (म्हणजे पाय मोडल्याची खूण), क, काना, र अशी सात एकके भरतात. वाचणाऱ्याच्या डोळ्याला दिसणाऱ्या चार अक्षरांशी त्या हिशेबाचा काही संबंध नसतो. इंग्रजी ‘हॅलो’मध्ये दोन्ही मोजमापे पाचच येतात, त्यामुळे इंग्रजीतून धडे लिहिणाऱ्याला या दोहोंत फरक आहे हे आयुष्यभर कळले नाही तरी चालते. आपल्याला तो पहिल्याच शब्दाला नडतो. शब्द अक्षरांत तोडण्यासाठी ब्राउझरमध्ये आता ‘सेगमेंटर’ नावाची वेगळी सोय आहे, पण तिच्यामागचा युनिकोडचा नियम देवनागरीतील जोडाक्षराला एकसंध मानू लागला तो २०२३ मधील १५.१ या आवृत्तीपासून. जुना नियम पाळणारा ब्राउझर असेल तर उत्तर सातही येत नाही आणि चारही येत नाही. न, म, स्, का, र असे पाच येते.

यातील बहुतेक गोष्टी मला त्या दिवशी ठाऊक नव्हत्या. गटातील एक अभियंता आणि भाषाविज्ञान शिकवणाऱ्या एक बाई यांनी मिळून दोन दिवसांत हा गुंता सोडवला. ‘अक्षर’ म्हणजे नेमके काय यावर बाईंनी लिहिलेले तीन परिच्छेद एखाद्या संशोधन-पत्रिकेत शोभले असते. माझ्या मनात मात्र त्या मुलीचे पहिले वाक्य घर करून राहिले. साधन तिच्या भाषेसाठी घडलेले नव्हते आणि माफी ती मागत होती.

परस्परसंवादी, म्हणजे पाहणाऱ्याच्या स्पर्शाला किंवा हालचालीला प्रतिसाद देणाऱ्या, माध्यमांवर काम करणारे कलाकार आणि त्यांचा अभ्यास करणारे संशोधक यांचा हा गट मी आणि दोन सहकारी गेली तीन वर्षे चालवत आहोत. तो मराठीत चालतो, पूर्णपणे ऑनलाइन चालतो, आणि त्यात पुण्या-मुंबईपेक्षा कोल्हापूर, नाशिक, अकोला, पणजी येथील मंडळी जास्त आहेत. दोघे जण परदेशातून येतात. संख्या कधी साठच्या पुढे गेली नाही. ‘परस्परसंवादी’ हा शब्द जड आहे अशी तक्रार दर तीन महिन्यांनी होते. त्यावर कोणीतरी ‘आंतरक्रियात्मक’ सुचवतो, मग आधीचाच शब्द बरा होता असे सर्वांना वाटू लागते आणि विषय मिटतो. गटाला नाव नाही. ते ठेवायचे राहून गेले, आणि आता कोणी आग्रहही धरत नाही.

असा गट कसा बांधावा याचा विचार करताना आम्ही ज्या एका उदाहरणाकडे पुन्हा पुन्हा गेलो ते म्हणजे पी५.जेएस. ब्राउझरमध्ये चित्र, ध्वनी, हालचाल आणि स्पर्श यांच्याशी खेळणाऱ्या कलाकृती लिहिण्यासाठीचे हे मुक्तस्रोत, म्हणजे ज्याचा कोड कोणालाही पाहता आणि बदलता येतो असे, साधन आहे. त्याचे मूळ ‘प्रोसेसिंग’मध्ये आहे. केसी रीस आणि बेन फ्राय यांनी २००१ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठाच्या मीडिया लॅबमध्ये, जॉन माएदा यांच्या गटात विद्यार्थी असताना, प्रोसेसिंग सुरू केले. संकेतस्थळासाठी हवे ते नाव मिळाले नाही म्हणून सुरुवातीला त्यातील दोन एस काढून तेथे पाचाचे दोन आकडे घातले होते, आणि पी५ हे टोपणनाव तेथूनच आले. चित्रकार आणि डिझाइनर यांनी प्रोग्रामिंगला घाबरू नये हा मूळ हेतू होता. कोऱ्या पानावर एक ओळ लिहिली की वर्तुळ दिसले पाहिजे. वर्तुळ दिसण्याआधी चाळीस ओळींची पूजा मांडावी लागू नये.

२०१३ मध्ये अमेरिकी कलाकार लॉरेन ली मॅकार्थी यांनी हाच विचार वेबसाठी नव्याने मांडायला घेतला. प्रोसेसिंगला जावास्क्रिप्टमध्ये आणण्याचा एक प्रयत्न जॉन रेसिग यांनी २००८ मध्ये केला होता, पण तो मुख्यतः जुनी भाषा नव्या ठिकाणी चालवण्याचा होता. मॅकार्थी यांनी प्रश्नच वेगळा विचारला. प्रोसेसिंग आज, वेबवर, पहिल्यापासून घडवायचे ठरवले तर ते कसे असेल, आणि ते कोण घडवील? यातला दुसरा भाग मला महत्त्वाचा वाटतो. मुक्तस्रोत प्रकल्पांचे दार कागदोपत्री सर्वांना उघडे असते, परंतु आत ज्या सुरात बोलले जाते तो सूर ऐकून अनेक जण उंबरठ्यावरूनच परत जातात. स्वतः मॅकार्थी यांनाही त्या जगात आपल्याला जागा आहे असे वाटत नव्हते, हे त्यांनी मोकळेपणाने सांगितले आहे.

मला तो सूर चांगला परिचित आहे. २००७ च्या सुमारास मी एका तांत्रिक चर्चास्थळावर आयुष्यातील पहिला प्रश्न विचारला होता. तो इंग्रजीत नीट लिहिण्यासाठी मला संध्याकाळभर वेळ लागला. उत्तर एका ओळीचे आले, ‘आधी मॅन्युअल वाचा’, आणि त्याखाली दुसऱ्याने हसण्याचे चिन्ह टाकले होते. त्यानंतर चार वर्षे मी कुठेही काही विचारले नाही. उत्तर चुकीचे नव्हते, मॅन्युअलमध्ये ते खरोखरच होते. पण चार वर्षे ही किंमत एका ओळीसाठी फार झाली.

पी५च्या मंडळींनी २०१५ मध्ये पिट्सबर्ग येथे, कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या ‘स्टुडिओ फॉर क्रिएटिव्ह इन्क्वायरी’मध्ये, काम करणाऱ्यांचे संमेलन भरवले, आणि त्या काळात घडत गेलेले त्यांचे सामुदायिक निवेदन आजही त्यांच्या संकेतस्थळावर आहे. लिंगभाव, वंश, भाषा, शरीराची क्षमता, वर्ग, धर्म, वय, कौशल्य अशी लांबलचक यादी त्यात आहे, आणि तशा याद्या आता सगळीकडेच असतात. मला त्यातील व्यवहाराचा भाग अधिक आवडतो. आम्ही कोडच्या बाबतीत शिष्टपणा करणार नाही, अमुक गोष्ट समोरच्याला माहीत असायलाच हवी असे गृहीत धरणार नाही, नवख्या माणसाचे स्थान तज्ज्ञाइतकेच मोलाचे मानू, वाद झाला तर ऐकू आणि चूक झाली तर ती कबूल करू, असा त्याचा आशय आहे. प्रत्येकाकडे वेळ, पैसा आणि ताकद सारखी नसते हेही त्यात स्पष्ट म्हटले आहे. हे वाक्य एखाद्या तांत्रिक प्रकल्पाच्या पहिल्या पानावर असावे याचे मला पहिल्यांदा वाचले तेव्हा नवल वाटले होते.

निवेदन लिहिणे हे त्यातल्या त्यात सोपे काम. २०१९ मधील दुसऱ्या संमेलनात त्यांनी घेतलेला निर्णय मात्र खरोखर पोटाला चिमटा काढणारा होता. यापुढे पी५मध्ये एखादे नवे वैशिष्ट्य घ्यायचे तर ते अधिक लोकांना या साधनापर्यंत पोहोचवणारे असले पाहिजे, एरवी ते घेतले जाणार नाही, असे त्यांनी ठरवले. तंत्रज्ञानाच्या जगात ‘नवे काय आले’ यावरच प्रकल्पाची पत ठरते. तेथे एखाद्या चमकदार परिणामाची सोय मागे ठेवून भाषांतर, अंधांना पडद्यावरचे वाचून दाखवणारे स्क्रीन रीडर, जुने लॅपटॉप आणि समजण्याजोगे चुकांचे संदेश यांना पुढे आणायचे म्हणजे काही हुशार आणि उत्साही माणसांना ‘तुमचे काम आत्ता नको’ असे तोंडावर सांगावे लागते. समावेशाच्या गप्पा मारणाऱ्या किती गटांची एवढी तयारी असते, मला शंका आहे. आमची नव्हती, ते पुढे येईलच.

चुकांच्या संदेशांचे उदाहरण थोडे सविस्तर सांगते, कारण शिकवणाऱ्याला त्याची किंमत कळते. ब्राउझर चूक दाखवतो ती लाल अक्षरांत, रागावल्यासारखी, आणि बहुधा दुसऱ्याच कुठल्यातरी ओळीकडे बोट दाखवून. पी५मधील संदेश फुलाच्या छोट्या चिन्हाने सुरू होतो आणि साध्या वाक्यात सांगतो की तुम्ही लिहिलेले नाव आणि आमच्याकडील नाव यांत एका अक्षराचा फरक दिसतो, तुम्हाला हे म्हणायचे होते का? चित्रासाठी कोरा चौकोन मांडणाऱ्या ‘क्रिएट कॅन्व्हस’ या जोडशब्दातील दुसऱ्या शब्दाचे पहिले अक्षर मोठ्या लिपीत न लिहिणे ही माझ्या वर्गातील सर्वांत जास्त वेळा होणारी चूक आहे. ज्याच्या मातृभाषेच्या लिपीत लहान-मोठे अक्षर हा प्रकारच नाही, त्याला ती होणारच. असा संदेश मिळाला की विद्यार्थी माझ्याकडे न पाहता स्वतःच दुरुस्ती करतो, आणि वर्गाच्या वातावरणात त्याने जो फरक पडतो तो कोणत्याही स्वागतपर भाषणाने पडत नाही.

पी५च्या संकेतस्थळावर आज इंग्रजीखेरीज स्पॅनिश, चिनी, कोरियन आणि हिंदी आहे. हिंदीतील पानांचा आमच्या मुलांना उपयोग होतोच. तरी मराठीत लिहायला बसलो तेव्हा लक्षात आले की आपली खरी शिदोरी शाळेच्या पुस्तकात आहे. मराठी माध्यमात शिकलेल्या मुलाला ‘व्हेरिएबल’ अनोळखी वाटतो, पण ‘दोन चलांतील रेषीय समीकरणे’ त्याने सोडवलेली असतात, म्हणून ‘चल’ म्हटले की त्याचा चेहरा उजळतो. निर्देशक भूमिती त्याने केलेली असते. फक्त पडद्यावर आरंभबिंदू वरच्या डाव्या कोपऱ्यात असतो आणि वाय अक्ष खाली जाताना वाढतो, एवढे त्याला सांगावे लागते, आणि त्यावर वर्गात हमखास हशा पिकतो. लंबवर्तुळ तर त्याला ‘इलिप्स’पेक्षा जवळचे वाटते. याउलट ‘फंक्शन’ला ‘फलन’ म्हणण्याचा आमचा प्रयत्न सपशेल फसला. तीच कृती पुन्हा पुन्हा करवणारा ‘लूप’ तर कोणीही सोडायला तयार नाही, आणि खरे सांगायचे तर मीही नाही. परिभाषा कोशातून येत नाही, ती आधीच्या इयत्तेतून येते असे माझे मत झाले आहे. जो इंग्रजी माध्यमातून आला त्याला ‘चल’ हाच परका असतो, त्यामुळे आम्ही दोन्ही शब्द शेजारी शेजारी ठेवतो आणि पुढे जातो.

हे झाले साधनाचे. माणसांचे प्रश्न अधिक अवघड आहेत, आणि त्यांतील काही पिट्सबर्गला बसून सुचणारे नव्हते.

पहिल्या बैठकीत आम्ही सवयीप्रमाणे ओळखीची फेरी घेतली. नाव, आडनाव, गाव, महाविद्यालय. पंधरा मिनिटांत सर्व काही शिस्तीत पार पडले आणि त्यानंतर तासभर फक्त पाच जण बोलले. ते पाच कोण होते हे मी येथे लिहीत नाही. महाराष्ट्रात वाढलेल्या कोणालाही अंदाज करता येईल. आपल्याकडे आडनाव ऐकले की ऐकणारा मनातल्या मनात एक कोष्टक भरतो. आपण तसे करत नाही असे म्हणणाराही भरतो, आणि ज्याचे आडनाव उच्चारले गेले त्याला ते भरले गेल्याचे कळते. त्यात गाव आणि महाविद्यालय यांची भर पडली की उतरंड पूर्ण होते. एका मुलाने नंतर मला स्वतंत्रपणे लिहिले की, त्याच्या आधीच्या माणसाने परदेशातील विद्यापीठाचे नाव घेतल्यावर त्याने स्वतःच्या तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयाचे नाव गिळून टाकले आणि तो फक्त ‘शिकतोय’ एवढेच म्हणाला.

दुसऱ्या बैठकीपासून आडनाव, गाव आणि संस्था हे तिन्ही आम्ही काढून टाकले. पहिले नाव आणि ‘सध्या तुमच्या हातात काय अर्धवट पडले आहे’ एवढेच सांगायचे. अर्धवट कामाचा आग्रह माझ्या सहकाऱ्याचा होता. सगळेच जण अपुरेपण घेऊन आले तर कोणाचा दबाव राहणार नाही, असे त्याचे म्हणणे होते आणि ते बऱ्याच अंशी खरे ठरले. संशोधकांना मात्र हे जड गेले. अभ्यासक माणसाची ओळख संस्थेशी आणि छापून आलेल्या लेखांशी बांधलेली असते आणि त्याची बढतीही त्यावरच ठरते, त्यामुळे आडनाव आणि पद नसलेल्या जागी आपण कोण हा प्रश्न त्याला खरोखर पडतो. एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी याच कारणाने गट सोडला. मला त्याचे वाईट वाटले, आणि अजूनही वाटते, कारण त्यांच्याकडून शिकण्यासारखे पुष्कळ होते.

मग संबोधनाचा प्रश्न आला. नवख्या मुलांना ‘तू’ आणि शिक्षकांना ‘सर’ किंवा ‘मॅडम’, ही आपली रीत. जो माणूस ‘सर’ असतो त्याच्या कोडमधील चूक कोणी दाखवत नाही. आम्ही सर्वांनी सर्वांना नावाने हाक मारायची आणि ‘तुम्ही’ म्हणायचे असे ठरवले. वीस वर्षांच्या मुलीला पन्नाशीच्या माणसाने ‘तुम्ही’ म्हणणे त्या मुलीलाच सुरुवातीला चेष्टा वाटली. आता कोणाला काही वाटत नाही, अपवाद फक्त माझा; माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या तोंडचे ‘मॅडम’ जात नाही आणि मी दुरुस्त करणे सोडून दिले आहे.

भाषेचेही तसेच. हा लेख मी ज्या वळणाच्या मराठीत लिहीत आहे त्याच मराठीत प्रश्न विचारायचे असा कोणाचा समज झाला, तर अर्धा गट गप्प बसेल. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी वळणाने लिहिणाऱ्याला, रोमन लिपीत मराठी लिहिणाऱ्याला, ‘पानी’ लिहिणाऱ्याला कोणी दुरुस्त करायचे नाही, हा आमचा एकमेव लेखी नियम आहे. बाकीचे नियम तोंडी आहेत. हा लेखी करावा लागला, कारण एकदा एका मुलाने अत्यंत मोलाचे निरीक्षण लिहिले असता त्याखाली पहिला प्रतिसाद शुद्धलेखनाचा आला होता. बोलून पाठवलेला संदेशही प्रश्न म्हणून चालतो. मात्र तो कोणीतरी लिहून काढायचा, म्हणजे ज्यांना ऐकू येत नाही किंवा ज्यांच्याकडे त्या क्षणी इअरफोन नाही त्यांनाही तो वाचता येतो.

वेळेबद्दल थोडक्यात. न्यूयॉर्कमध्ये दुपारी चार वाजता ठेवलेली बैठक उन्हाळ्यात आपल्याकडे रात्री दीड वाजता येते, आणि आंतरराष्ट्रीय गटांवर आम्ही त्यासाठी रीतसर नाराज होतो. मग आमच्याच लक्षात आले की आमची रात्री नऊची बैठक स्वयंपाकघरातून सुटका न झालेल्या बायकांसाठी तशीच दीड वाजताची होती. शनिवारी दुपारी तीनला ती आणली आणि स्त्रियांची उपस्थिती त्याच महिन्यात दुप्पट झाली. यासाठी धोरणाची वगैरे गरज नव्हती, कोणीतरी विचारण्याची होती, आणि विचारायला आम्हाला सात महिने लागले.

आमच्या गटात एक अंध ध्वनिकलाकार आहेत. त्यांच्यामुळे मला कॅन्व्हस या गोष्टीचा खरा स्वभाव कळला. पी५मधील सगळे चित्र ब्राउझरच्या कॅन्व्हसवर रंगते, आणि स्क्रीन रीडरच्या दृष्टीने कॅन्व्हस म्हणजे एक मुका चौकोन असतो. त्यात वर्तुळ नाचते आहे की काही नाहीच, हे त्याला कळायला मार्ग नसतो. क्लेअर किअर्नी-व्होल्पे, लुईस मोरालेस-नवारो आणि इतरांनी अनेक वर्षे यावर काम केले, आणि त्यातून चित्राचे शब्दांत वर्णन जोडणारी ‘डिस्क्राइब’सारखी फंक्शने पी५मध्ये आली. पडद्यावरील आकारांची यादी आपोआप मजकुराच्या किंवा तक्त्याच्या रूपात देणारीही दोन आहेत.

आम्ही उत्साहाने मराठीत वर्णने लिहिली आणि त्यांना ऐकायला दिली. त्यांच्या संगणकावर एनव्हीडीए हा मोफत, मुक्तस्रोत स्क्रीन रीडर आहे आणि त्यात मराठी आवाजही आहे. पण आमचे वर्णन इंग्रजी आवाजात, धडपडत, काहीच्या काही उच्चारांत ऐकू आले. कारण शोधायला दोन तास गेले. कोड लिहिण्याच्या पी५च्या संपादकात आपोआप तयार होणाऱ्या पानाच्या पहिल्याच ओळीत ‘या पानाची भाषा इंग्रजी’ अशी नोंद असते. ती खूण बदलून मराठीची केली आणि वाक्ये नीट ऐकू आली. नंतर ते म्हणाले, ‘आता ऐकू येतंय, पण वर्णन कंटाळवाणं आहे. निळं वर्तुळ डावीकडून उजवीकडे जातं, बरं, मग?’

या ‘बरं, मग?’वर आम्ही तीन बैठका घालवल्या आणि गटातील सर्वांत समृद्ध चर्चा त्याच ठरल्या. कलाकृतीचे वर्णन म्हणजे कलाकृतीची माहिती की स्वतःच एक कलाकृती? स्पर्शाला प्रतिसाद देणाऱ्या कामाचे वर्णन आधी लिहून ठेवता येते का, की तेही दर वेळी बदलले पाहिजे? समीक्षेचे अभ्यासक येथे खुलले. चित्राचे शब्दांत रूपांतर करण्याविषयी त्यांनी वाचलेले सगळे पहिल्यांदाच कोणाच्या तरी उपयोगी पडत होते, आणि कलाकारांना पहिल्यांदाच त्या वाचनाचा कंटाळा आला नाही. अखेर एका जणाने आपल्या पावसाच्या कामात वर्णन काढून थेंबांच्या वेगाप्रमाणे बदलणारा ध्वनी घातला, आणि आमचे ध्वनिकलाकार त्यावर तुटून पडले, कारण तो ध्वनी त्यांच्या मते फार ढोबळ होता. ते आता दोघे मिळून ते काम करत आहेत. गटाच्या तीन वर्षांत माझ्या मनासारखे झालेले हे एकच, असे मी कधी कधी म्हणते, आणि सहकारी रागावतात.

आता आमच्या उणिवांकडे. पी५च्या प्रकल्पात, केवळ कोड लिहिणाऱ्यांचीच नव्हे तर भाषांतर, दस्तऐवज, चित्रे, कल्पना, शिकवणे, चुका शोधणे अशा प्रत्येक कामाची नोंद सहभागींच्या यादीत चिन्हांसह होते. आम्ही ही पद्धत वाचली, वाखाणली आणि विसरलो. दोन वर्षांनी एका सदस्येने शांतपणे विचारले की बैठकांचे लेखी वृत्तान्त आणि बोललेले संदेश लिहून काढण्याचे काम आजवर कोणी केले? ते जवळजवळ सर्व दोन स्त्रियांनी केले होते, आणि गटाविषयी बाहेर जे काही लिहिले गेले त्यात त्यांचा उल्लेख कुठेही नव्हता. कलाकृती करणाऱ्यांचा होता, निबंध वाचणाऱ्यांचा होता. ज्या कामामुळे गट ऐकू न येणाऱ्यांना वाचता येत होता तेच काम आमच्या हिशेबात शून्य होते. आता पाळी लावली आहे. पुरुषांच्या पाळीला वृत्तान्त उशिरा येतात, हे नोंदवून ठेवते.

दुसरी उणीव मोबाइलची. गटातील अनेकांकडे संगणक नाही. पी५चा ऑनलाइन संपादक, जो कॅसी ताराकाजियन यांनी घडवला, त्याने काही उतरवून घेण्याची अट काढून टाकली, आणि ही फार मोठी गोष्ट आहे. तरी पाच इंची पडद्यावर महिरपी कंस जुळवत कोड लिहिणे हे हाल आहेत. आम्ही धडे लहान केले, वीस ओळींच्या आत बसवले, तयार कोड दिले आणि त्यातील आकडे बदलायला सांगितले. तरीही मोबाइलवरून येणाऱ्यांपैकी निम्मे तरी सहा महिन्यांत गेले. नवीन, दिमाखदार त्रिमितीय कामांचे सत्र ठेवायचे की मोबाइलवर चालेल असेच ठेवायचे, हा प्रश्न आमच्यापुढे तेव्हा आला आणि आम्ही दिमाखदार सत्र ठेवले. २०१९ मधील त्या निर्णयाविषयी मी वर जे कौतुकाने लिहिले ते लिहिताना मला हेच आठवत होते.

पैशाविषयीही बोलले पाहिजे, कारण त्यावर बोलणे अशिष्ट मानले जाते. २०१२ मध्ये स्थापन झालेल्या प्रोसेसिंग फाउंडेशनमुळे पी५ला आधार मिळाला, शिष्यवृत्त्या देता आल्या, आणि २०२१च्या सुमारास अनेक जनरेटिव्ह, म्हणजे कोडमधील नियमांतून चित्र घडवणाऱ्या, कलाकारांनी आपल्या विक्रीचा वाटा फाउंडेशनला दिला. पण २०२३ मध्ये बेन फ्राय, म्हणजे मूळ दोघांपैकी एक, जाहीरपणे बाहेर पडले. मूळ प्रोसेसिंग सॉफ्टवेअरच्या देखभालीकडे पुरेसा पैसा आणि माणसे वळवली जात नाहीत, ही त्यांची तक्रार होती. लांबून पाहणाऱ्याने त्यात निवाडा देऊ नये. मला एवढेच दिसते की समाज वाढवणे आणि साधन टिकवणे ही दोन्ही कामे थकवणारी आहेत, दोन्हींना पगार लागतो, आणि पैसा आला म्हणून दोहोंतील ओढाताण संपत नाही. मॅकार्थी यांनी पी५चे नेतृत्व स्वतःकडे धरून ठेवले नाही. ते आधी मॉइरा टर्नर आणि पुढे चिएनचिएन ये यांच्याकडे गेले. आमच्या गटात मी अजून सोडलेले नाही. पुढच्या दिवाळीनंतर सोडायचे असे गेल्या दिवाळीत ठरले होते.

‘नमस्कार’ गळणाऱ्या त्या प्रोग्रामचे पुढे काय झाले, असे काही जणांनी विचारले होते. मुलीने नव्या पद्धतीने तो दुरुस्त केला आणि चार अक्षरे चार थेंबांसारखी पडू लागली. मग तिने जुनी, मोडकी आवृत्तीही शेजारी ठेवली. डाव्या बाजूला चार अक्षरे पडतात, उजव्या बाजूला सात तुकडे आणि टिंबाटिंबांची दोन वर्तुळे, आणि तळाशी पोहोचल्यावर वर्तुळे थोडा वेळ तरंगत राहतात. भाषाविज्ञानाच्या बाईंना उजवी बाजू जास्त आवडते. ‘र्‍हस्व’ आणि ‘कर्तृत्व’ या दोन शब्दांवर ती मुलगी सध्या काम करत आहे, आणि कालच तिने गटात लिहिले आहे की रफार कुठल्या अक्षराचा मानायचा हे शनिवारी सर्वांनी मिळून ठरवावे. या वेळी ‘सॉरी’ लिहिलेले नव्हते.